हाताजोगा चेंडू

टेनिसचे सर्व चेंडू सारखेच असतात, असा पुष्कळांचा समज आहे. परंतु तो बरोबर नाहीं. हा चेंडू रबराच्या दोन वाट्या एकमेकींस जोडून करितात. आंत सामान्यतः दाबलेली हवा कोंडलेली असते आणि वरून लोकर व नायलॉन यांचें लवदार आवरण चिकटविलेलें असतें. प्रौढांच्या सामन्यांतील नेहमींचा पिवळा चेंडू २५४ सेंटिमीटरांवरून सोडला असतां १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचा नियम आहे.

आतां आठ वर्षांच्या मुलाची उंची ती केवढी! जोरानें आलेला असा चेंडू त्याच्या डोक्यावरून जातो. मूल हिरमुसतें, आणि आपणांस हा खेळ येणारच नाहीं असें समजून रॅकेट खालीं ठेवितें. वास्तविक दोष त्या चेंडूचा असतो.

म्हणून मुलांसाठीं तीन निराळे चेंडू निघाले आहेत. लाल चेंडू आकारानें मोठा व वजनानें हलका असून, तितक्याच उंचीवरून सोडल्यास साधारणतः ९० ते १०५ सेंटिमीटर उसळतो. नारिंगी १०५ ते १२०, व हिरव्या ठिपक्याचा १२० ते १३५. इ. स. २०१२ पासून दहा वर्षें व त्यांखालील मुलांच्या स्पर्धांत पिवळा चेंडू वापरण्यास मनाई आहे.

पालकहो, लाल चेंडूनें खेळण्यांत कमीपणा मानूं नका. जें मूल आज तो दहा वेळां जाळ्यापलीकडे परतवितें, त्याच्या हातीं पिवळा चेंडू यथाकाल येईलच.