गुन्हा कुणाचा, शिक्का कुणावर

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातल्या नेरले गावी एका कोल्हाटी घरात १९७० साली जन्मलेला मुलगा पुढे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाला. १९९४ साली ‘ग्रंथाली’ने त्याचं ‘कोल्हाट्याचं पोर’ हे आत्मचरित्र काढलं आणि पांढरपेशा महाराष्ट्राला आपल्याच शेजारचं एक जग पहिल्यांदा आतून दिसलं. लेखकाचं नाव किशोर शांताबाई काळे. मधलं नाव आईचं, कारण बापाने नाव दिलंच नव्हतं. ज्या घरांत मुलीच्या नाचण्यावर चूल पेटायची, तिथे मुलगी वयात आली की ‘चिरा उतरवण्या’चा विधी व्हायचा. एखादा ऐपतदार माणूस घरच्यांना पैसे मोजून तिचा मालक व्हायचा. तिने मग लग्न करायचं नाही, आणि झालेली पोरं आजोळी वाढायची. या व्यवहाराला बाजू दोन. पैसे मोजणारा माणूस दुसऱ्या दिवशी आपल्या गावात जाऊन पारावर बसे, लग्नाच्या याद्या करी, निवडणुकीला उभाही राही. नाचणारी बाई मात्र कायमची बदनाम होई, आणि तिच्या पोराला शाळेत नाव सांगताना मान खाली घालावी लागे. व्यवहार दोघांचा असताना कलंक एकाच्याच वाट्याला का आला, हा प्रश्न विचारला की गुन्हा, बदनामी आणि विषमता या तिन्ही गोष्टींकडे पाहण्याची नजर बदलते.

समाजाच्या रीतीबाहेर जाणाऱ्या वागण्याचा अभ्यास ही समाजशास्त्राची जुनी शाखा आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमने १८९५ मध्येच लिहून ठेवलं, की गुन्हा नसलेला समाज असूच शकत नाही. प्रत्येक समाज कुठेतरी रेघ ओढतो, आणि रेघ आली की ती ओलांडणाराही येतो. पण रेघ कुणी ओढायची आणि ओलांडली असं कुणी ठरवायचं, या प्रश्नाला खरा हात घातला तो अमेरिकेतल्या हॉवर्ड बेकरने. १९६३ सालच्या आपल्या पुस्तकात त्याने मांडलं, की वावगेपणा हा कृत्याचा अंगभूत गुण नसतो. ज्यांच्या हाती सत्ता असते ते नियम करतात, काही ठरावीक माणसांनाच ते लावतात आणि त्यांच्यावर शिक्का मारतात. दहा वर्षांनी विल्यम चॅम्ब्लिस या समाजशास्त्रज्ञाने तिथल्याच एका गावातल्या शाळकरी मुलांच्या दोन टोळक्यांची तुलना केली. एका टोळक्यात सुखवस्तू घरांतली आठ मुलं, दुसऱ्यात गरीब घरांतली सहा. शाळा बुडवणं, दारू पिणं, मोडतोड यांत दोघांत फारसा फरक नव्हता. तरी सुखवस्तू मुलांना एकदाही अटक झाली नाही आणि गरीब मुलं सतत पोलिसांच्या तावडीत सापडत राहिली. पहिल्यांकडे गाड्या होत्या, ती दूर जाऊन धिंगाणा घालत आणि पकडली गेली तर नम्रपणे बोलत. दुसरी गावातच, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असत. पुढच्या आयुष्यात दोन्ही टोळक्यांतली बहुतेक मुलं गावाने त्यांच्याबद्दल जे ठरवलं होतं तशीच झाली.

चॅम्ब्लिसच्या गावाने शिक्का मारला तो निदान मुलांचं वागणं पाहून तरी. सोलापूर जिल्ह्याने पाहिलेला शिक्का जन्माआधीच तयार असे. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यामागचा युक्तिवाद असा होता, की हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार आणि विणकराचा मुलगा विणकर होतो, तेव्हा चोराचा मुलगाही चोरच होणार. जातिव्यवस्थेने धंदा जन्माला बांधला होता, कायद्याने त्याच दोरीने गुन्हाही जन्माला बांधला. सुरुवातीला उत्तरेत लागू असलेला हा कायदा १९११ साली मुंबई इलाख्यापर्यंत आला. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की कोणत्याही न्यायालयाला ते तपासण्याचा अधिकार नव्हता. कैकाडी, भामटा, पारधी, मांग गारुडी अशा किती तरी जमाती या ना त्या भागात या कायद्याच्या कचाट्यात आल्या. माणसाच्या बोटांचे ठसे घेतले जात, त्याचं नाव नोंदवहीत चढे, ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे आणि परवान्याशिवाय हद्द ओलांडता येत नसे. विजापूर, सोलापूर, हुबळी, गदग अशा ठिकाणी तारेच्या कुंपणातल्या वसाहती उभ्या राहिल्या. मुंबई इलाख्यात त्यांचा कारभार ओ. एच. बी. स्टार्ट हा सनदी अधिकारी पाही. सोलापुरात आजही ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हा पत्ता आहे. तो रोज लिहिणाऱ्यांपैकी किती जणांना त्यामागची तार ठाऊक असेल?

यातली हजेरी जरा जवळून पाहायला हवी, कारण सगळी मेख तिथे आहे. समजा एका माणसाने आयुष्यात कधी चोरी केलेली नाही. तो जाहीर झालेल्या जमातीत जन्मला एवढंच. बायको बाळंत होत असताना किंवा शेजारच्या गावी कुणी दगावलं म्हणून तो हजेरीला गेला नाही किंवा परवाना न घेता बाहेर पडला, तर तेवढंच याच कायद्याखाली गुन्हा ठरे. त्याला शिक्षा होई. त्या शिक्षेची नोंद त्याच्या नावापुढे आणि जमातीच्या खात्यावर चढे. वर्षअखेर आकडे मोजले की जमात गुन्हेगार असल्याचा पुरावा सरकारदरबारी हजर. १९११ च्या कायद्याने तर सहा वर्षांवरची मुलं आईबापांपासून तोडून वेगळ्या शाळांत ठेवण्याचीही सोय केली होती. बेकरचं पुस्तक यायला अजून अर्धं शतक होतं, पण त्याला जे म्हणायचं होतं त्याचं प्रात्यक्षिक सोलापुरात सरकारी खर्चाने चाललेलं होतं.

हे आपल्याकडेच झालं असंही नाही. अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी संपली आणि लगोलग दक्षिणेतल्या राज्यांनी बेकार भटकणं हा गुन्हा ठरवणारे कायदे केले. ज्या काळ्या माणसांपाशी जमीन नव्हती, कामाचा करार नव्हता, तेच त्यात सापडले आणि कैदी म्हणून खाणमालकांना व मळेवाल्यांना भाड्याने दिले गेले. मग तुरुंगातल्या काळ्यांची संख्या दाखवून ‘या वंशातच खोट आहे’ असं म्हणायला विद्वान मोकळे झाले. इटलीत लोंब्रोसोने १८७६ मध्ये जन्मजात गुन्हेगार कवटीवरून ओळखता येतो असं सांगितलं होतंच. या समजाला घरोघर फिरून उत्तर दिलं ते डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस या कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञाने. फिलाडेल्फियातल्या काळ्या वस्तीची पाहणी करून १८९९ मध्ये त्याने दाखवलं, की तिथल्या गुन्ह्यांची मुळं रंगात नव्हती. ती बंद झालेल्या रोजगारात, दाटीच्या खोल्यांत आणि गुलामगिरीने मोडलेल्या घरांत होती. डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली याच दु बॉइसना पत्र लिहून अस्पृश्य आणि अमेरिकेतले काळे यांच्या स्थितीतल्या साम्याकडे लक्ष वेधलं होतं, आणि १९४८ सालच्या अस्पृश्यतेवरील ग्रंथात त्यांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींचं अस्तित्व हा इथल्या संस्कृतीवरचाच ठपका मानला. वंश आणि जात एक नव्हेत. पण जन्मावरून माणसाचं चारित्र्य ठरवण्याची रीत दोन्हीकडे सारखीच काम करते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: काही जमातींतली माणसं खरोखर चोऱ्या करत होती, ते कसं नाकारणार? नाकारायचं कारणच नाही. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’त, १९८७ साली आलेल्या आणि साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या त्या आत्मकथनात, खिसे कापून जगणाऱ्या घरांचं वर्णन उघड आहे. प्रश्न चोरी झाली का हा नाही, ती कुठून आली हा आहे. लमाणांचे बैलांचे तांडे आणि कैकाड्यांची गाढवं धान्य-मीठ वाहत. १८६० मध्ये लोहमार्ग सोलापूरला पोचला आणि जसजसं रेल्वेचं जाळं पसरलं तसतसा तो धंदा आटत गेला. पारध्यांची शिकार आधी जंगल कायद्यांनी आणि पुढे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बेकायदा ठरवली. जमीन नव्हती, गावकीत वाटा नव्हता, बलुतं नव्हतं. जर्मनीतल्या गेओर्ग फॉन मायरने बव्हेरियातले आकडे तपासून १८६७ मध्येच दाखवलं होतं, की धान्य महागलं की चोऱ्या वाढतात आणि स्वस्त झालं की उतरतात. चोरी रक्तात असती तर ज्वारीच्या भावाने तिच्यात चढउतार का व्हावा? आणि रोख्यांचा घोटाळा करून १९९२ साली देशाला हजारो कोटींना बुडवणाऱ्यांची जात कुणी गुन्हेगार म्हणून जाहीर केली नाही. करायलाही नको होती. पण मग नियम दोघांना एकच हवा.

दुसरा आक्षेप जास्त विचार करण्याजोगा आहे. स्टार्टसारखे अधिकारी मनापासून म्हणत, की वसाहतीने लोकांना काम दिलं, शाळा दिली, ते सुधारले. सोलापूरच्या वसाहतीतली माणसं गिरण्यांत कामाला जात आणि त्यातले कित्येक मुरलेले गिरणी कामगार झाले, हे खरं आहे. पण त्यातून नेमकं काय सिद्ध होतं? रक्त तेच राहिलं, पगार मिळाला आणि माणूस साच्यावर उभा राहिला. म्हणजे जन्मजात गुन्हेगारीचा सिद्धान्त त्या वसाहतीतच निकालात निघाला. सुधारणेचं श्रेय मजुरीचं आहे, कुंपणाचं नाही. उलट कुंपणामुळे गिरणीला असा मजूर मिळाला ज्याला काम सोडून जाता येत नव्हतं. गायकवाड स्वतः लातूरच्या सूतगिरणीत कामाला लागले आणि कामगारांच्या लढ्यात उतरले. त्यासाठी त्यांच्याभोवती तार ओढावी लागली नाही.

आणखी एक बोचरी गोष्ट काळे यांच्या पुस्तकातूनच समोर येते. बायकांना नाचायला लावून त्यांच्या कमाईवर बसून खाणारे बाप आणि भाऊ त्याच समाजातले होते, आणि काळे यांनी त्यांना मुळीच सोडलेलं नाही. तेव्हा सगळा दोष बाहेरच्यांवर ढकलता येणार नाही. हे मान्यच करायला हवं. शिक्का बसलेला समाज आतून निर्मळ असतो असा दावा कुणी करू नये. वरच्यांनी केलेली उतरंड खालीही झिरपते आणि तिचं सगळ्यात जड ओझं तळाशी असलेल्या बाईच्या डोक्यावर येतं. पण आतला शोषक टिकतो तो बाहेरच्या गिऱ्हाइकाच्या पैशावर, आणि बाईला दुसरी वाट नसते ती शिक्क्यामुळेच. नाचणारीच्या मुलीला नोकरी आणि इज्जत दोन्ही मिळतील अशी जागा गावाने ठेवली असती तर त्या भावांचा धंदा बसला असता. काळे यांना शिक्षणातून ती वाट सापडली. २००७ साली अपघातात ते गेले तेव्हा चाळिशीही उलटली नव्हती. मुलांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी लावण्याचा शासन निर्णय महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी लागू झाला. ‘कोल्हाट्याचं पोर’ येऊन तोवर तीस वर्षं झाली होती.

गुन्हेगार जमाती कायदा तर ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, सवलतीही मिळाल्या, मग आता तक्रार कसली, असं विचारणारे पुष्कळ आहेत. या कायद्यातून सुटलेल्या, म्हणजे विमुक्त, जातींना तीन टक्के आणि भटक्या जमाती ‘ब’ गटाला अडीच टक्के आरक्षण आहे, हे बरोबर. पण जातीचा दाखला काढायला २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्याचा आजा त्या साली गाढवावर पाल लादून करमाळ्याहून परांड्याकडे चालला होता, त्याने तो कुठून आणायचा? सातबारा नाही, घरपट्टी नाही, शाळेत आजा गेलेला नाही. सोलापूरचेच बाळकृष्ण रेणके ज्या राष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष होते, त्याने २००८ च्या अहवालात देशातल्या विमुक्त-भटक्यांची संख्या दहा कोटींच्या वर धरली. एवढ्या माणसांपैकी फार मोठा भाग कागदावर नाही. दुसरीकडे नको तो कागद मात्र त्यांचा पिच्छा सोडत नाही. १९५२ नंतर राज्याराज्यांनी सराईत गुन्हेगारांचे कायदे केले. त्यात जमातीचं नाव नव्हतं, पण जुन्या याद्या आणि जुनी नजर तीच राहिली. तुरुंगांच्या नियमावल्यांत तर या जमातींचा उल्लेख तसाच होता. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातली जातीवरची कामवाटणी घटनाबाह्य ठरवली आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजण्याची पद्धत बंद करायला सांगितलं. कायदा रद्द होऊन बहात्तर वर्षांनी हे सांगावं लागलं.

न्यायालयाचा हुकूम तुरुंगाच्या दारापर्यंत पोचतो. गावातली नजर गावानेच बदलायची असते. रात्री घर फुटलं की सकाळी पारधी वस्तीकडे बोट दाखवण्याआधी आपल्यापाशी पुरावा काय आहे, एवढं प्रत्येकाने स्वतःला विचारावं. करमाळा तालुक्यातल्या ग्रामपंचायतींनी माळावर राहणाऱ्या प्रत्येक पालाची, प्रत्येक घराची नोंद स्वतः जाऊन करावी, त्यांच्या वास्तव्याचे ठराव ग्रामसभेत करावेत, आणि तहसील कार्यालयाने गृहचौकशी करून दाखले द्यावेत. एकोणीसशे एकसष्टचा कागद त्या लोकांपाशी नाही, कारण तेव्हा आपण त्यांना गावात राहू देत नव्हतो. तो पुरावा आता त्यांच्याकडे मागू नये.