धावणाऱ्या हृदयाची तपासणी

मैदानावर जो सर्वांत चपळ, त्याचे हृदयही धडधाकट असणार, असे तुम्हांला वाटते ना? नेहमीच तसे नसते. २६ जून २००३ रोजी फ्रान्समधील लियाँ येथे कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-व्हिव्हियन फो भर सामन्यात कोसळला आणि मरण पावला. वय अवघे २८! शवविच्छेदनात त्याच्या हृदयाचा स्नायू जाड झालेला आढळला.

हा दोष बहुधा आनुवंशिक असतो. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची भिंत साधारणतः १ सेंटिमीटर जाड असते. या विकारात ती बहुधा दीड सेंटिमीटर किंवा त्याहून जाड होते. जोराच्या व्यायामात अशा हृदयाचे ठोके एकाएकी बेताल होऊ शकतात. मग रक्ताभिसरणच थांबते.

छातीला नळी लावून हा दोष पुष्कळदा कळत नाही. हृदयातील विद्युत्-स्पंदने कागदावर उतरवणारा ई. सी. जी. मात्र त्याची चाहूल देऊ शकतो. इटलीने १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंना तो सक्तीचा केला. तेथील व्हेनेतो प्रांतात १९७९ ते २००४ या काळात तरुण खेळाडूंच्या आकस्मिक मृत्यूंचे प्रमाण ८९ टक्क्यांनी घटले. इस्राएलमध्ये मात्र १९९७ च्या अशाच कायद्यानंतर फरक दिसला नाही.

तेव्हा सारे यंत्रावर सोपवू नका. धावताना भोवळ आली, छातीत दुखले, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक दगावले असेल, तर शिक्षकांना व डॉक्टरांना जरूर सांगा. संघातून वगळतील या भीतीने लपवू नका.