खालून काढलेलं झाड

(/ (+ १ (* २ (- ७ ३))) ३)

ही लिस्प भाषेतली एक साधी राशी. चिन्ह आधी, आकडे मागून. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली या भाषेचं काम सुरू केलं, आणि तिच्या कंसांची थट्टा आजही थांबलेली नाही. सातातून तीन वजा होताच तीन कंस लागोपाठ मिटतात. कुठला कोणाचा, हे बोट ठेवून मोजावं लागतं.

नवनगरच्या आमच्या घरी भाची शिकायला आहे. कॉलेजातून चिगरी बसनं परतली की जेवणाच्या टेबलावर पाठकोऱ्या कागदांवर ती अशा राशींची झाडं काढते. चिन्ह वर, त्याचे आकडे खाली. एकदा वरच्या राशीचं झाड मीही काढायला घेतलं. माझा हात साहजिकच वरून सुरू झाला: मधोमध भागाकार, त्याला दोन फांद्या. डावी फांदी वाढत गेली आणि उजवीकडचा एकटा ३ तिच्या वाटेत आला.

"वरून काढलं की जागा पुरत नाही, मामा. पानांपासून या."

ती १, २, ७, ३, ३ असे आकडे एका ओळीत मांडते. सात आणि तीनवर वजाबाकी, ती आणि दोन यांच्यावर गुणाकार, मग बेरीज, शेवटी भागाकार. मी शेजारी उत्तर मांडत होतो: ४, ८, ९, ३. तिची पेन्सिल ज्या चिन्हावर पोचायची, नेमकं तेच गणित तेव्हा सुटलेलं असायचं. खालच्यांची रुंदी कळल्याशिवाय वरच्याची जागा ठरत नाही, खालच्यांची किंमत कळल्याशिवाय वरच्याची किंमत निघत नाही. झाड पुरं झालं तेव्हा त्यात एकही कंस नव्हता.

देखणं झाड काढण्याची एक प्रसिद्ध रीत राइनगोल्ड आणि टिलफर्ड यांनी १९८१ साली मांडली. दोन्ही उपझाडं वेगवेगळी रचायची, एकमेकांत न घुसता जवळ येतील तितकी सरकवायची आणि वरचं चिन्ह त्यांच्या मधोमध बसवायचं. हेही खालूनच.

संगणकाकडून काढून घ्यायचं तर ग्राफव्हिझ हे मोफत साधन आहे. मात्र आकडा हेच नोडचं, म्हणजे झाडातल्या गाठीचं, नाव ठेवलं, तर आपल्या राशीतले दोन्ही ३ एकच नोड होतात आणि एक पान दोन फांद्यांना लटकतं. म्हणून प्रत्येक नोडला वेगळं नाव द्यायचं, आकडा फक्त वर दिसण्यापुरता. पायथनमध्ये तर राशीचं झाड करून देणारा एएसटी नावाचा विभाग तयारच आहे. पण ते छापायला सांगितलं की पुन्हा कंसांचीच रांग समोर येते!

झाडाची खरी गरज कळते ती कंस नसलेल्या राशीत. '-२²' पायथनला विचारा: उत्तर उणे चार. एक्सेलला विचारा: अधिक चार. दोघांचंही गणित बरोबर आहे, झाडं निराळी आहेत. पायथनच्या झाडात उणे वर आणि घात त्याच्या खाली. एक्सेलच्या झाडात घात वर, उणे खाली. शाळेच्या वहीतली रीत पायथनची, आणि मला तीच पटते. पण हिशेबाचे तक्ते तर एक्सेलमध्येच चालतात. भाचीनं दोन्ही झाडं शेजारी शेजारी काढली आणि एक्सेलच्या झाडाखाली, पायथनचं उत्तर तिथं मिळावं म्हणून काय लिहायचं ते लिहून ठेवलं: =-(२^२).