आखाजीचं कार्ड

दिवाळीच्या तोंडावर जळगावच्या फुले मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर हिंडलात, तर पणती आणि लक्ष्मीची पावलं छापलेलं एखादं शुभेच्छापत्र अजूनही हाताला लागतं. पण खानदेशाचं वर्ष काही दिवाळीपुरतं नसतं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रोट होतात. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणतात. आणि सगळ्यांत लाडकी ती आखाजी. अक्षय्य तृतीयेला मुराळी लेकीला माहेरी आणतो, झाडाला झोका चढतो, गौराई बसते. बहिणाबाई चौधरींनी या सणावर गाणं रचलं. तरीही आखाजीचं छापील कार्ड दुकानात मागून मिळायचं नाही. ते हवं असेल तर स्वतःच करावं लागतं, आणि ते करण्यासाठी लागणारं जवळजवळ सगळं सामान या दोन जिल्ह्यांच्या मातीत आहे, हे मला या लेखात सांगायचं आहे.

छापील शुभेच्छापत्राचा जन्म परमुलखातला. १८४३ साली लंडनच्या हेन्री कोल यांनी चित्रकार जॉन हॉर्सली यांच्याकडून नाताळचं कार्ड काढून घेतलं. त्याआधी तीनच वर्षं इंग्लंडात एका पेनीत पत्र कुठेही पोचू लागलं होतं, म्हणून ही कल्पना चालली. आपल्याकडे टपाल आणि शिळाप्रेस रुजले तसा हा रिवाजही आला. तारखात्याने ठरावीक शुभेच्छांना क्रमांक दिले होते, त्यात पहिला क्रमांक दिवाळीचा होता. १९७९ मध्ये दिल्लीत आर्चीज सुरू झाली आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं गुळगुळीत कार्डांची गेली. २०१३ च्या जुलैत तार बंद पडली, तोवर शुभेच्छा मोबाइलवर गेल्या होत्या. हा सगळा इतिहास आपल्या घरांना वरून चिकटलेला आहे. खालचा थर वेगळा आहे.

मराठी घरातलं सणाचं पाकीट कधी नुसतं कागदाचं नव्हतं. दसऱ्याच्या पत्रात आपट्याचं पान असे. संक्रांतीच्या पाकिटात हलव्याचे चार दाणे घातलेले असत. पोस्टातला शिक्का त्यांवर जोरात बसला की पाकीट उघडताना साखरेचा भुगा सांडायचा आणि तो भुगासुद्धा गोड मानून जिभेवर ठेवला जायचा. देवादिकांच्या छापील चित्रांचंही तसंच. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि त्या तसबिरी घरोघर लागल्या, तेव्हा बायांनी त्या तशाच ठेवल्या नाहीत. लक्ष्मीच्या शालूवर खरं कापड, दागिन्यांवर टिकल्या आणि जर चिकटवून मगच काच बसवली. हजारो प्रतींतली एक प्रत अशी आपल्या घराची झाली. हाताने कार्ड करणाऱ्यांची खरी परंपरा मला इथे दिसते.

आता कागदाकडे येऊ, कारण खानदेशात सांगण्यासारखं सगळ्यांत जास्त त्यातच आहे. एरंडोल आणि यावल ही दोन गावं एकेकाळी हातकागदासाठी प्रसिद्ध होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इम्पीरियल गॅझेटियरात एरंडोलच्या जाड्याभरड्या देशी कागदाची नोंद आहे. तो धंदा तेव्हाही थोडाफार टिकून होता. यावलच्या नोंदीत कागदाबरोबर निळीचंही नाव येतं. म्हणजे एकाच गावात कागद आणि रंग! कार्ड करणाऱ्याला यापुढे आणखी काय हवं?

तो कागद करण्याची जुनी रीत मुलांना एकदा तरी समजावून सांगावी अशी आहे. चिंध्या, जुने दोर, गोणपाट असा टाकाऊ माल चुन्याच्या पाण्यात भिजवून मऊ करायचा. पायाने चालणाऱ्या लाकडी उखळीत तो दिवसचे दिवस कांडायचा. धुवायचा, पुन्हा कांडायचा. मग हा लगदा पाण्याच्या हौदात कालवून त्यात बारीक काड्यांची चटईसारखी चाळण बुडवायची आणि सपाट वर काढायची. पाणी खाली निथळतं, तंतू वर राहतात आणि एकमेकांत अडकतात. कारागिराच्या मनगटाचा हिसका इथे लागतो. तो चुकला की कागद एका बाजूला जाड होतो. ओले ताव एकावर एक रचून दाबायचे, सारवलेल्या गुळगुळीत भिंतीवर चिकटवून वाळवायचे. शेवटी पेजेची खळ लावायची, म्हणजे शाई फुटत नाही, आणि गुळगुळीत दगडाने घोटायचं. घोटल्याशिवाय बोरू चालत नाही.

गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हे बसलं. पुण्यात १९४० साली गांधीजींच्या प्रेरणेने के. बी. जोशी यांनी हातकागद संस्था उभी केली, तिथून हा हुन्नर पुन्हा मार्गी लागला आणि लग्नपत्रिका, शुभेच्छापत्रं या कामी हातकागद येऊ लागला. हा कागद मुख्यतः कापसाच्या चिंध्यांचा असतो. त्यात लाकूड नसल्याने तो लवकर पिवळा पडत नाही, आणि नीट घडी घातली तर घडीवर तडकत नाही. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यांतली मुलं कार्यानुभवाच्या तासाला प्लास्टिकची चकाकी असलेला कागद कापतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

स्थानिक सामानातून सुंदर गोष्ट कशी उभी राहते याचा सगळ्यांत मोठा धडा खानदेशातच झाला. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन फैजपूरला भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. धनाजी नाना चौधरींनी तयारीचा भार वाहिला, साने गुरुजी गावोगाव फिरले. गांधीजींनी सजावटीसाठी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावलं आणि अट घातली की शहरातून काही आणायचं नाही, आसपासच्या खेड्यांत मिळेल त्यातूनच नगर उभं करायचं. बांबू हे मुख्य साहित्य. कारागीरही तिथलेच. देशातला एक श्रेष्ठ चित्रकार केळीच्या मुलखात येऊन बांबूच्या कामट्यांत आकार शोधत होता, हे चित्र आपल्या चित्रकलेच्या वर्गांत लावलेलं मी कुठे पाहिलेलं नाही. लावायला हवं.

याच नंदलाल बाबूंचा आणखी एक छंद आपल्या विषयाला अगदी जवळचा आहे. ते शिष्यांना आणि स्नेह्यांना साध्या पोस्टकार्डांवर चित्रं काढून पाठवत. एखादं झाड, बकरी, वाटेवरचा माणूस. तळहाताएवढ्या जागेत चार-पाच रेघा. पोस्टकार्ड हे चित्रासाठी लहान पडतं अशी तक्रार करणाऱ्या मुलांना ती दाखवावीत.

अंमळनेरची गोष्ट त्याच्या थोडी आधीची. साने गुरुजी १९२४ ते १९३० प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि वसतिगृह सांभाळत. तिथे ते ‘छात्रालय दैनिक’ नावाचं हस्तलिखित काढत. रोज, हाताने. मुलं उठल्यावर ते वाचत. पुढे १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनीच लिहून घेतली. दुसऱ्यासाठी हाताने लिहिण्याची एवढी माया असलेला माणूस आपल्या भागात होऊन गेला. शाळेच्या हस्तलिखितांची आणि भेटकार्डांची आवड इथे त्या काळापासून झिरपत आली असावी, असं मला वाटतं.

चाळीसगावच्या केकी मूस यांना तर या विषयाचं दैवतच मानावं. जन्म १९१२, मुंबईचा. पण आयुष्याची जवळजवळ पन्नास वर्षं त्यांनी चाळीसगावला स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यात काढली आणि १९८९ मध्ये तिथेच गेले. घराबाहेर न पडता त्यांनी टेबलावर डोंगर, बर्फ, वाटा, वादळं उभी केली आणि त्यांचे फोटो काढले. घरात सापडेल ती वस्तू त्यांना पुरे. कागदाच्या घड्यांची कलाही त्यांना साधली होती. त्यांचं संग्रहालय चाळीसगावात आहे. कार्डासाठी काय काय आणावं अशी यादी करण्याआधी मुलांना तिथे न्यावं. टेबलावर काय काय होऊ शकतं, हे कळल्यावर यादी आपोआप आखूड होते.

शाळेतलं भेटकार्ड मात्र चित्रकलेच्या मास्तरांनी जगवलं. भेंडी आडवी कापून तिचे ठसे, बटाट्यावर कोरलेली पणती, रंगात बुडवलेला दोरा घडीत ठेवून ओढला की उमटणारी जुळी पाकळी, जुना दातांचा ब्रश कंगव्यावर घासून पानाभोवती उडवलेला फवारा: हे सगळं पिढ्यान्पिढ्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या तयारीबरोबर शिकवलं गेलं. सामान म्हणजे कॅमलच्या पोस्टर कलरच्या बाटल्या, घोटीव कागद, पतंगाचा कागद आणि छापखान्यातून मागून आणलेल्या कार्डशीटच्या कात्रणाच्या पट्ट्या. पुढे क्विलिंगच्या पट्ट्या, फोमशीट, चमकीचे गोंद, आकाराचे पंच आले. क्विलिंगला माझा विरोध नाही. पट्टी गुंडाळायला धीर लागतो आणि तो अंगी बाणतो. पण तयार फुलं, तयार अक्षरं, तयार फुलपाखरं यांचा संच आणून नुसतं चिकटवलं, तर त्या कार्डात मुलाचं स्वतःचं असं किती उरतं?

त्याऐवजी काय घ्यावं? जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण घड उतरवल्यावर मागे राहणारा खांब बऱ्याचदा शेताच्या बांधावर कुजतो. त्याचं वाळलेलं सोपट घ्या. ओल्या फडक्यात तासभर गुंडाळून ठेवलं की ते मऊ पडतं आणि पाहिजे तसं कापता येतं. त्याच्या आतल्या बाजूला जाळीदार नक्षी असते. त्या जाळीची झोपडी करा, झोक्याची फळी करा. रंग लावायची गरज नाही. सोपट नखाने उभं फाडलं की लांब दोर निघतो, तो झोक्याचा दोर. घरी कागदही करता येतो. जुन्या वह्यांचे कागद रात्रभर भिजवून मिक्सरमधून काढायचे. सोपटाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे धुण्याच्या सोड्यात मोठ्या माणसाने उकळून, पाण्याने दोन-तीनदा धुऊन त्यात मिसळायचे. लाकडी चौकटीला मच्छरदाणीची जाळी ठोकून त्यावर लगदा पसरायचा. पहिले ताव भोकांचे होतात. ते फेकू नका. मागून रंगीत कागद लावला की त्यांचाच आकाशकंदील होतो.

कपाशीच्या फुटलेल्या बोंडाची वाळकी टरफलं घरात आणलीत, तर त्यांची चांदणी तयारच असते. सरकी काढलेला कापूस बोटांनी विरळ करून निळ्या कागदावर लावला की श्रावणातलं आभाळ होतं, कानबाईच्या कार्डाला शोभेल असं. ज्वारीच्या धांड्यातला पांढरा गाभा आपण लहानपणी बैलगाड्या करायला वापरला; पात्याने त्याच्या पातळ चकत्या काढल्या तर भुलाबाईच्या मखराचे खांब होतात. चिकटवायला कणकेची खळ चांगली. बांधणीवाले तिला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात; ते विषारी आहे, मुलांच्या खळीत नको. थोडी हळद पुरे.

चित्र कोणतं काढावं याबद्दल माझी मतं ठाम आहेत. वारली माणसं सुंदर आहेत, पण ती पालघरच्या डोंगरातली. आपल्या प्रत्येक कार्डावर तीच का? आखाजीची घागर आणि तिच्यावरचं डांगर पितरांसाठी असतं, ते शुभेच्छापत्रावर नको. झोका मात्र हवाच. मजकूर अहिराणीत लिहावा: तुमले आखाजीन्या शुभेच्छा. आजी वाचून दाखवायला सांगेल आणि हसेल. सुरतेच्या उधना-लिंबायत भागात कामासाठी गेलेल्या खानदेशी घरांना हे कार्ड पाठवून पाहा. तिथल्या मुलांना झोक्याचं झाड चित्रातच भेटतं.

पाठवताना वजनाकडे लक्ष ठेवावं. तीनशे जीएसएमचा ए-फोर कागद सुमारे एकोणीस ग्रॅम भरतो. त्याचं अर्धं घेऊन मधोमध घडी घातली तर साडेनऊ. पाकिटाचे चार-पाच धरले तर वीस ग्रॅमच्या आत राहायला सजावटीसाठी पाच ग्रॅम उरतात. त्यापुढे पाच रुपयांचं तिकीट पुरत नाही. सोपट आणि कापूस यात सहज बसतात. बोंडाची चांदणी बसत नाही, शिवाय शिक्क्याखाली चुरडते. ती हाताने द्यायच्या कार्डासाठी ठेवावी किंवा मुराळ्याच्या पिशवीतून धाडावी.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात: कार्डावर नाव आणि साल घालणं. धुळ्यात ३१ डिसेंबर १९२६ रोजी इतिहासाचार्य राजवाडे गेले आणि त्यांच्यामागे लगेच तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. जुन्या कागदांवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, सगळ्यांत जास्त छळतो तो साल न घातलेला कागद. तेव्हा कार्डाच्या मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात नोंद करावी: कुणी केलं, कुठल्या गावी, कोणत्या वर्षीच्या आखाजीला, आणि सोपट कुणाच्या मळ्यातलं.