टीबी बरा झाला, तरी थुंकीत रक्त का?

खोकताना रक्त पडलं की वस्तीत पहिला शब्द येतो टीबी. संशय रास्त आहे. थुंकी तपासलीच पाहिजे. सरकारी दवाखान्यात ती मोफत तपासतात. पण टीबीचे जंतू सापडले नाहीत, किंवा कोर्स पूर्ण होऊनही रक्त येतंय, तर नुसत्या अंदाजाने पुन्हा टीबीच्या गोळ्या सुरू करू नका. दोष रक्तवाहिनीत असू शकतो.

श्वासनलिकांना रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्यांत रक्ताचा दाब जास्त असतो. टीबी बरा झाला तरी त्याचे व्रण उरतात. त्यांच्याभोवती या धमन्या फुगतात आणि कधीतरी फुटतात. खूप रक्त पडतं तेव्हा ते बहुतेक वेळा इथूनच येतं.

काही कारणं दुर्मीळ आहेत. टीबीने फुप्फुसात केलेल्या पोकळीलगतच्या धमनीची भिंत झिजून तिला फुगा येतो. डेन्मार्कचे डॉक्टर रासमुसेन यांनी १८६८ साली त्याचं वर्णन केलं. तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. काहींच्या फुप्फुसात धमनी आणि शीर जन्मापासून थेट जोडलेल्या असतात. त्यातून गुठळी मेंदूकडे जाऊन लकवा होऊ शकतो. वारंवार घोळणा फुटणं, ओठांवर किंवा जिभेवर लाल ठिपके, घरात इतरांनाही असाच त्रास, हे सारं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

साध्या एक्स-रेत हे दोष सुटू शकतात. शिरेतून औषध देऊन केलेल्या सीटी अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या स्पष्ट दिसतात. हृदयाची झडप आकसल्यानेही रक्त पडतं. त्यासाठी इको करतात.

उपचार आहे. जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी नेऊन दोष असलेली वाहिनी आतूनच बंद करतात. याला एम्बोलायझेशन म्हणतात. छाती उघडावी लागत नाही. रक्त पुन्हा येऊ शकतं, म्हणून नंतरची तपासणी चुकवू नका. ही सोय मोठ्या रुग्णालयांत असते. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

कपभर रक्त पडलं किंवा दम लागला तर १०८ ला फोन करा. रुग्णाला उताणं झोपवू नका. कोणत्या बाजूने रक्त येतंय ते ठाऊक असेल, तर ती बाजू खाली ठेवून कुशीवर झोपवा. नसेल तर बसवून ठेवा. जुने एक्स-रे आणि टीबीचे कागद सोबत न्या.