डोळ्यातील फूल आणि ‘अ’ जीवनसत्त्व

वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्यासारख्या कापूस, तूर आणि गव्हाच्या मुलखात कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या दर्शनी पारदर्शक पडद्यावर, कायमचा पांढरा डाग राहण्याची, लोकभाषेत सांगायचे तर डोळ्यात फूल पडण्याची, दोन कारणे ठळक आहेत. पहिले कारण कुपोषणाचे असून त्यात ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडलेल्या बालकाला आधी रातांधळेपणा येतो, मग डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखे बिटॉटचे डाग दिसतात आणि शेवटी कॉर्निया कोरडा व मऊ पडून झडू लागतो. दुसरे कारण इजेचे आहे. पऱ्हाटी उपटताना काडी लागते किंवा मळणीत कुसळ जाते, त्या ओरखड्यात बुरशी शिरते, आणि जखम भरली तरी डाग मागे उरतो.

पहिल्या कारणावरचा उपाय जुना, स्वस्त आणि सिद्ध आहे. भारतात 1970 पासून राबविल्या जाणाऱ्या कार्यक्रमानुसार बालकाला नवव्या महिन्यात 1 लाख एककांचा आणि पुढे दीड वर्षाच्या सुमारास सुरुवात करून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी 2 लाख एककांचा डोस तोंडाने दिला जातो. एकूण मात्रा नऊ. मात्र या डोसाने पडलेले फूल जात नाही, आणि ज्याच्या शरीरात जीवनसत्त्व पुरेसे आहे त्याच्या इजेच्या व्रणावरही त्याचा काही परिणाम होत नाही.

तरीही संशोधकांचे लक्ष याच जीवनसत्त्वाकडे वळले, याचे कारण पेशींच्या वागण्यात आहे. शरीर ‘अ’ जीवनसत्त्वापासून रेटिनोइक आम्ल तयार करते, आणि ते पेशीकेंद्रातील ज्या ग्राहींना चिकटून जनुकांचे काम चालू-बंद करते त्यांचा शोध 1987 साली फ्रान्समधील पिएर शांबाँ आणि अमेरिकेतील रोनाल्ड एव्हान्स यांच्या गटांनी स्वतंत्रपणे लावला. जखमेच्या जागी टीजीएफ-बीटा नावाच्या संदेशरेणूमुळे साध्या तंतुपेशींचे रूपांतर आकुंचन पावणाऱ्या पेशींत होते, त्या कोलॅजेन हे प्रथिन साठवीत जातात आणि वाळणाऱ्या ओल्या कातड्याप्रमाणे भोवतालची ऊती आक्रसते. प्रयोगशाळेत रेटिनोइक आम्लाने आणि त्याच्या कृत्रिम नातलगांनी हे रूपांतर व आकुंचन रोखल्याचे दिसले आहे.

माणसांवरचा पुरावा मात्र इतका सरळ नाही. त्वचेसाठी वापरल्या जाणाऱ्या ट्रेटिनॉइनचे, म्हणजे याच रेटिनोइक आम्लाचे, मलम डोळ्याच्या पृष्ठभागावर वापरून 1988 साली प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री चाचणीत व्रणांनी ग्रासलेल्या नेत्रश्लेष्मेचा शिंगासारखा झालेला थर काही रुग्णांत पूर्ववत झाला, पण त्यांच्या तक्रारी त्या प्रमाणात कमी झाल्या नाहीत. दृष्टिपटल सुटल्यावर केलेल्या शस्त्रक्रियेनंतर त्यावर व्रणपडदे वाढून ते पुन्हा ओढले जाते, त्या विकारात 2008 साली तैवानमधील एका लहान चाचणीत तोंडाने दिलेल्या रेटिनोइक आम्लाने लाभ दिसला. परंतु लहान चाचणीवर उपचाराची सर्वमान्य पद्धत उभी राहत नाही, आणि ती राहू नये हेच योग्य.

यात एक विसंगतीही आहे. मुरुमांसाठी घेतले जाणारे आयसोट्रेटिनॉइन पापण्यांतील स्निग्ध ग्रंथींना आक्रसवून डोळे कोरडे करते, म्हणजे जीवनसत्त्वाच्या अभावाने जो त्रास होतो त्याच्याशी मिळताजुळता त्रास त्याच कुळातील औषध देते. शिवाय गर्भवतीने ते घेतल्यास गर्भात गंभीर व्यंगे निर्माण होतात. म्हणूनच औषध फक्त जखमेच्या जागी पोहोचेल असे थेंब, किंवा एकाच प्रकारच्या ग्राहीवर काम करणारे रेणू शोधण्यावर आता भर आहे.

सेलूच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने आजची स्थिती अशी की, बुरशीचा संसर्ग असताना नाटामायसिनचे थेंब लवकर सुरू होणे महत्त्वाचे असते, आणि दुकानातून परस्पर घेतलेल्या स्टिरॉइडच्या थेंबांनी तो संसर्ग बळावू शकतो. दाट फूल नजरेच्या मध्यभागी पडलेच, तर दान मिळालेल्या कॉर्नियाचे प्रत्यारोपण हाच दृष्टी परत आणण्याचा प्रस्थापित मार्ग आहे. जवळच्या सेवाग्राम येथे 1969 साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी नेत्रविभाग आहे, आणि काडी लागल्याच्या दुसऱ्या दिवशी तेथे पोहोचलेल्या डोळ्याचे भवितव्य महिनाभर घरगुती उपाय केलेल्या डोळ्यापेक्षा पुष्कळ चांगले असते.