जुनी जिप्सी : उंची किती, टायर कोणते?



जुनें घर विकत घेणारा शहाणा मनुष्य प्रथम पाया पाहतो आणि मग रंगाचा विचार करतो. जुनी मोटार घेणाऱ्यांत मात्र हा क्रम पुष्कळदां उलटा दिसतो. विशेषतः जिच्या चारी चाकांना इंजिनाची शक्ति पोंचते अशी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी दारांत आली, कीं तिला उंच करावें आणि मोठे टायर चढवावे, ही हौस आठवड्याच्या आंत उत्पन्न होते. या हौसेला माझा विरोध नाहीं. परंतु तिच्या पाठीशीं थोडें गणित असलें म्हणजे पैसा वांचतो, आणि पैशाहून मोलाचा असा जीवहि वांचतो. त्या गणिताचाच आज विचार करावयाचा आहे.

उदाहरणासाठीं आपल्या ओळखीची जिप्सी घेऊं. मारुति कंपनीनें ही गाडी १९८५ सालीं बाजारांत आणली. १९९६ सालीं तिला १.३ लिटरचें इंजिन मिळालें व ती ‘जिप्सी किंग’ झाली. २०१९ सालीं सामान्य ग्राहकांसाठीं तिची विक्री थांबली. लष्करांत, पोलिस खात्यांत आणि ताडोब्याच्या जंगलांत ती आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलेली असेल. वजनाला सुमारें एक टन, बांधणी साधी, आणि पुढचा व मागचा असे दोन्ही धुरे अखंड व कमानपाट्यांवर टेकलेले, असें तिचें स्वरूप आहे.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें अशीच एक जिप्सी घेतली. त्याचें शेत जुन्नरच्या बाजूला, डांबरी सडकेपासून बरेंच आंत आहे. “गुरुजी, पावसाळ्यांत गाडी खालून खडकाला लागते. चार इंच उंच करून घेऊं का?” असें त्यानें मला विचारलें. त्या गाडींतून त्याची वृद्ध आई आणि दोन लहान मुलें जाणार होतीं; म्हणून प्रश्न केवळ यंत्राचा नव्हता. मीं त्याला उलट प्रश्न केला, “गाडीचें नेमकें काय लागतें?” त्यानें खालीं वांकून पाहिलें, तेव्हां ओरखडे दिसले ते धुऱ्याच्या मध्यावर असलेल्या, दंतचक्रांच्या गोल पेटीवर. हिलाच कारागीर डिफरन्शियल म्हणतात.

या एका निरीक्षणांत अर्ध्या प्रश्नाचें उत्तर आहे. बैलगाडीची साटी ठोकळे लावून वीतभर वर उचलली, तरी तिचा आंस जमिनीपासून जितका उंच होता तितकाच राहतो. आंस वर जावयाचा तर चाकच मोठें हवें. मोटारीचेंहि तसेंच आहे. पाटे बदलून गाडी उंच केली म्हणजे धुऱ्याच्या वरची चौकट, इंजिन आणि माणसें वर जातात. डिफरन्शियल जागच्या जागींच राहतें. मग उंच करण्याचा उपयोग काय? एक, मोठ्या टायरास मडगार्डखालीं जागा मिळते. दुसरें, चढावर गाडीचें नाक, उतारावर शेपूट आणि उंचवट्यावर पोट टेकत नाहीं. ज्याची गाडी पोटाला किंवा नाकाला घासते, त्यानें उंचीचा विचार करावा. ज्याचें डिफरन्शियल घासतें, त्यानें टायरांकडे पाहावें.

आतां टायराचें गणित. टायरावर समजा २०५/७० आर १५ असें लिहिलें आहे. २०५ ही टायराची रुंदी मिलिमीटरांत झाली. ७० म्हणजे टायराच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेंकडा ७०, अर्थात् सुमारें १४३.५ मि. मी. १५ म्हणजे आंतील लोखंडी रिमचा व्यास इंचांत, म्हणजे ३८१ मि. मी. भिंत वर एक व खालीं एक अशी दोनदां धरावयाची. बेरीज केली कीं पूर्ण व्यास ६६८ मि. मी. येतो. याच रीतीनें २१५/७५ आर १५ चा व्यास सुमारें ७०३, आणि २३५/७५ आर १५ चा सुमारें ७३३ मि. मी. होतो. धुरा चाकाच्या मध्यावर असल्यामुळें व्यासांत जी वाढ झाली तिची निम्मीच उंची त्याला मिळते. म्हणजे पहिल्या मापावरून दुसऱ्यावर गेल्यास सुमारें १८, आणि तिसऱ्यावर गेल्यास सुमारें ३३ मि. मी. एवढाच लाभ. सव्वा इंचासाठीं आपण काय मोल देतों, तें आतां पाहूं.

चाक मोठें झालें कीं एका फेऱ्यांत गाडी अधिक अंतर तोडते. तिसऱ्या मापाच्या टायरावर हा फरक जवळजवळ शेंकडा १० पडतो. गतिमापकाचा कांटा ६० दाखवील, तेव्हां गाडी खरोखर ६६ नें धांवत असेल. चाकापाशीं पोंचणारा जोर त्याच प्रमाणांत घटतो, म्हणून घाटांत खालचा गिअर लवकर घ्यावा लागतो. ब्रेकलाहि अधिक कष्ट पडतात.

उंचीचें मोल याहून गंभीर आहे. डोक्यावर हंडा घेऊन वळणाऱ्या बाईला जो तोल सांभाळावा लागतो, तोच उंच गाडीला सांभाळावा लागतो. समजा डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर १३०० मि. मी. आहे आणि गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५० मि. मी. वर आहे. अंतराची निमपट भागिले उंची, म्हणजे ६५० भागिले ६५०, हें प्रमाण एक येतें. पाटे व टायर मिळून गुरुत्वमध्य ७५ मि. मी. वर गेला, तर तेंच प्रमाण ०.९० वर उतरतें. गाडी उलटण्याविरुद्धचा आधार एकदशांशानें कमी झाला. जिप्सीच्याच कुळांतील सुझुकी सामुराई या गाडीविषयीं १९८८ सालीं अमेरिकेंतील ग्राहकसंस्थेनें ‘उलटण्याचा धोका’ म्हणून प्रतिकूल अभिप्राय दिला होता. कंपनीनें तो अमान्य केला, दावा लागला, आणि २००४ सालीं तो तडजोडीनें मिटला. वादांत खरें कोण हें बाजूला ठेवलें, तरी अरुंद व आंखूड गाडीचा तोल नाजुक असतो, एवढें ध्यानांत ठेवण्यास हरकत नाहीं.

उंची वाढविण्याच्या रीतीहि सारख्या नाहींत. पाट्याचें टोंक चौकटीला जोडणारी जी लोंबती कडी, तिला शॅकल म्हणतात. ती लांब बसविणें सर्वांत स्वस्त. पण दोन इंच लांब कडीनें गाडी सुमारें एकच इंच उठते, कारण पाट्याचें दुसरें टोंक जागेवरच असतें. शिवाय जिप्सींत पुढची कडी पाट्याच्या पुढच्या टोंकाला असल्यामुळें धुरा किंचित् पुढें कलतो, आणि सुकाणू सोडलें असतां सरळ येण्याची चाकांची वृत्ति मंदावते. दुसरी रीत, अधिक बांक असलेले नवे पाटे आणि त्यांच्या मापाचे शॉक अॅब्सॉर्बर बसविणें. ही महाग, परंतु नीट. तिसरी, धुऱ्याखालून जाणारे पाटे धुऱ्यावर घेणें. हिच्यानें गाडी एकदम चार-पांच इंच उठते. पण सुकाणूच्या दांड्या तिरप्या होतात आणि जोर लागला कीं धुरा पिळवटतो. घरच्या माणसांना नेणाऱ्या गाडीला ही रीत मी सुचविणार नाहीं. कोणतीहि रीत घेतली तरी ब्रेकच्या रबरी नळ्या ताणत नाहींत ना, आणि चक्रदंडाचे सांधे फार तिरपे होऊन थरथरत नाहींत ना, हें तपासलेंच पाहिजे.

टायर निवडतांना नक्षीचाहि विचार हवा. सडकेचे टायर, ज्यांना एच्. टी. म्हणतात, ते डांबरावर शांत व ओल्यांत विश्वासू असतात. चिखलाचे, म्हणजे एम्. टी., यांच्या ठोकळ्यांमध्यें रुंद फटी असतात, म्हणून आपल्या देशावरची काळी चिकण माती फिरत्या चाकांतून झडून पडते. पण ओल्या डांबरावर त्यांची पकड कमी आणि आवाज फार. दोहोंच्या मधले ते ए. टी. ज्याचा नऊ दशांश प्रवास सडकेवर आणि एक दशांश शेताच्या वाटेवर, त्याला हेच योग्य. बाजूच्या भिंतीवर चार आंकडे पाहावे. २३२४ असें असेल तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत झाला. नक्षी शाबूत दिसली तरी रबर वयानें कठीण होतें. भार सोसण्याचा अंक कंपनीनें सांगितल्याहून कमी नसावा.

आणखी एक नियम या गाडींत विशेष महत्त्वाचा आहे. जिप्सींत पुढच्या व मागच्या धुऱ्यांच्या मध्यें फरक सांभाळणारें तिसरें डिफरन्शियल नसतें. म्हणून चारी टायर एकाच मापाचे व सारखे झिजलेले असावे, आणि फोर-व्हील-ड्राइव्ह कोरड्या डांबरावर लावूं नये. नाहीं तर दोन धुरे एकमेकांशीं झगडून दंतचक्रें व टायर खातात.

कायद्याची बाजूहि पाहिली पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, नोंदणीपत्रांतील तपशील उत्पादकानें मुळांत ठरविलेल्या तपशिलाहून भिन्न होईल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें हाच अर्थ स्पष्ट केला. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें नियमबाह्य फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागें ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली आहे. खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर नोंदणी पुन्हां करून घ्यावी लागते, तेव्हां तपासणींत हें उघड होतें. अपघात झाल्यास विमा कंपनीहि याच गोष्टीवर बोट ठेवूं शकते. म्हणून खर्च करण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत विचारावें आणि गाडीच्या पुस्तिकेंत कंपनीनें कोणतीं मापें मान्य केलीं आहेत तें पाहावें.

माझ्या विद्यार्थ्याला मीं प्रथम गाडी सपाट फरशीवर उभी करून, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचें अंतर चारी ठिकाणीं मोजावयास सांगितलें. डावी मागची बाजू उजवीहून दीड इंच खालीं निघाली. पाटे थकून बसले होते, रबरी बुश फाटले होते, शॉक अॅब्सॉर्बर निकामी झाले होते. त्यानें मूळ मापाचे नवे पाटे, बुश व शॉक अॅब्सॉर्बर बसविले आणि पुस्तिकेंतील मापाचे पांच ए. टी. टायर घेतले, पांचवा अर्थातच जादा चाकासाठीं. गाडीची गेलेली उंची परत आली. चिखलांत शिरतांना हवा थोडी कमी करणें, आणि डांबरावर येतांच पंपानें ती पुन्हां भरणें, ही संवयहि त्यानें लावून घेतली. खडकाळ जागीं मोठा दगड दोन चाकांच्या मधून न घेतां त्यावर चाकच चढवावें, म्हणजे डिफरन्शियल वांचतें, हेंहि तो शिकला. चार इंचांचा विचार त्यानें सोडला. तसें केलें असतें तर त्याच्या आईला गाडींत चढण्यास पायरीखालीं स्टूल ठेवावें लागलें असतें.

तात्पर्य, प्रथम मोजा, मग झिजलें तें मूळ स्थितींत आणा, मग टायर निवडा. आणि एवढें करूनहि गाडीचें पोट टेकत असेल, तरच कायद्याच्या मर्यादेंत उंचीचा विचार करा. जुन्या गाडीची शोभा तिच्या उंचींत नाहीं. जी माणसें घेऊन ती सकाळीं निघाली, तीं सायंकाळीं सुखरूप घरीं परत आणण्यांत आहे.